कुस्तीचं संग्रहालय खासबागेतच हवं

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला काय काय दाखवायचं, याची यादी आपल्याला पाठ आहे. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस. हाताशी वेळ असेल तर पन्हाळा आणि ज्योतिबा. शाळांच्या सहलीही याच वाटेनं जातात. खासबाग मैदान या यादीत क्वचित येतं, आणि आलं तरी जाता जाता बोट दाखवण्यापुरतं. कुस्त्यांचं मैदान असेल त्या दिवसाची गोष्ट वेगळी. हलगी कडाडते, फेटे दिसतात, शड्डूचा आवाज येतो आणि काही समजावून सांगावं लागत नाही. पण एरवी कुणी लातूरहून, नागपूरहून किंवा पार परदेशातून मुद्दाम कुस्तीसाठी आला, तर आपण त्याला काय दाखवणार? कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या शहराला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. माझं उत्तर असं, की खासबागेच्या आवारातच कुस्तीचं संग्रहालय उभं राहिलं पाहिजे. मुंबईत नको, पुण्यात नको, आणि गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर तर नकोच.

जागेचा एवढा आग्रह का, ते आधी सांगतो.

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांसाठी बांधायचं मनात घेतलं. १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली गोल बैठक. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला डाव दिसतो, पुढच्याच्या खांद्यावरून माना उंचावाव्या लागत नाहीत. शेजारीच १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. नाटक आणि कुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच राजानं एकमेकींना लागून बसवल्या. हे मैदान हीच त्या संग्रहालयातली पहिली आणि सर्वांत मोठी वस्तू आहे, आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पैलवानाचा फोटो भिंतीवर बघितला आणि खिडकीबाहेर तो ज्या मातीत लढला ती माती दिसली, तर त्या फोटोचा अर्थ बदलतो. शहराबाहेरच्या वातानुकूलित इमारतीत तो बदलणार नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. शंभर वर्षांचं वैभव काही तासांत गेलं. सारं कोल्हापूर हळहळलं, आणि नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलं. इमारत पुन्हा बांधता येते. पण एखाद्या तालमीच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले फोटो, वह्या आणि मानपत्रं एकदा गेली की गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गावात किती आत आलं, ते आपण पाहिलंय. नदीकडच्या पेठांमधल्या तालमींत, वस्तादांच्या घरांत काय काय भिजलं असेल याची नोंद करायला कुणी फिरलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून या कामाला घाई आहे. पुतळा पाच वर्षांनी उभारला तरी चालतो, कागद तेवढे दिवस थांबत नाहीत.

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेमागची पदकं आणि गदा येतात. त्या असाव्यातच. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, गणपत आंदळकर त्याच्या पुढच्या वर्षी. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही सुवर्णपदकं आणली. ही नावं मुलांना तोंडपाठ असली पाहिजेत. पण नुसती विजेत्यांची रांग लावून भागणार नाही. अलीकडे क्रिकेटला अशी घरं मिळाली आहेत. पुण्यात सहकारनगरला नामवंत खेळाडूंच्या बॅटींचा मोठा खासगी संग्रह आहे, मुंबईत वानखेडेवर २०२५ मध्ये संग्रहालय झालं. तिथं जाऊन माणसं हरखतात, आणि त्यात काही वावगं नाही. तरीही तिथून बाहेर पडताना आपल्याला खेळाडू कळलेला असतो; तो खेळ कुणी पोसला, कुठल्या गल्लीनं, कुणाच्या पैशानं, हे बहुधा कळलेलं नसतं. स्थानिक खेळाच्या संग्रहालयानं हे सांगितलं नाही तर त्याला स्थानिक कशासाठी म्हणायचं?

एक साधी वस्तू घेऊ या: गावच्या जत्रेतल्या मैदानाचं भित्तिपत्रक. वर ग्रामदैवताचं नाव, खाली ठळक अक्षरांत ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’. मग एक नंबरची जोड, दोघांचे फोटो, दोघांच्या तालमींची आणि वस्तादांची नावं, इनामाची रक्कम. त्याखाली दोन नंबर, तीन नंबर, आणि प्रत्येक इनामापुढे ते देणाऱ्याचं नाव: कुणी साखर कारखान्याचा संचालक, कुणी दूध संस्था, कुणी फौजेतून निवृत्त झालेला जवान, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ. अगदी तळाला पंच कमिटी. पन्नास वर्षांतली अशी भित्तिपत्रकं ओळीनं लावली, तर त्या गावाचा पैसा कुठून आला आणि कुणाच्या हातात गेला हे उलगडत जाईल. आधी पाटील-इनामदार, मग कारखाना, मग गुंठेवारीत पैसा मिळवलेले. हा इतिहास कुठल्याच गॅझेटियरमध्ये या रीतीनं सापडणार नाही. आणि या कागदाचं नशीब काय? मैदान संपलं की पावसात विरघळतो.

मैदान मोठ्या जोडीनं सुरू होत नाही, हेही तिथं दिसायला हवं. सुरुवात होते ती पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. हौद्यात उतरलेलं सात-आठ वर्षांचं पोर, त्याचा सैल लंगोट, जिंकल्यावर हातात पडणारी रेवडी किंवा नारळ, आणि कडेला बसलेल्या आज्यानं खिशातून काढून दिलेली दहाची नोट. बहुतेक पैलवानांचा प्रवास त्या नोटेपाशी सुरू होऊन पाचशे-हजाराच्या इनामापाशीच थांबतो. केसरी होणारा शेकड्यात एकसुद्धा नसतो. जो झाला नाही, त्यानंही पहाटे उठून जोर-बैठका मारल्या, माती उकरली, जोडीदाराला घाम गाळून तयार केलं. त्याला या संग्रहालयात जागा हवी.

मग खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा हिशेब म्हणजे कुस्तीचा खरा अर्थसंकल्प. शाहू महाराजांनी पंजाबातून मल्ल बोलावले, त्यांना आश्रय दिला, तालमी बांधायला मदत केली. संस्थानच्या काळातले मोडी आणि इंग्रजी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यातला कुस्तीवरचा खर्च शोधून, लिप्यंतर करून मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावता येईल. त्याच्या शेजारी आजच्या एखाद्या पैलवानाचा महिन्याचा खर्च लावावा. शेतकरी बाप म्हशीचं दूध विकायचं थांबवून पोराला तालमीत पाठवतो म्हणजे काय करतो, हे शहरातल्या मुलाला त्या दोन आकड्यांवरून कळेल.

माती हा आणखी एक मोठा विषय. हौद्यातली माती रानातून आणून नुसती ओतलेली नसते. ती चाळून घेतात, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मिसळतात, रोज उकरून मऊ ठेवतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण आपलं आपलं असतं आणि ते वस्तादाकडून पठ्ठ्याकडे तोंडीच जातं. खेळाचे नियमही बदलले आहेत. मातीवर पाठ टेकली की निकाल, आणि निकाल लागेपर्यंत कुस्ती तासन् तास चालायची. गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. आता महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात. हा बदल कसा झाला, त्यात काय मिळालं आणि काय हरवलं, हे नव्या प्रेक्षकाला समजेल असं मांडलं गेलंच पाहिजे. ढाक, कलाजंग, एकलंगी, घिस्सा हे डाव नुसते वाचून कळत नाहीत. ते करून दाखवणारा माणूस लागतो, आणि म्हाताऱ्या वस्तादांइतका चांगला शिक्षक दुसरा मिळणार नाही. त्यांना मानधन द्या, त्यांचं सांगणं ध्वनिचित्रमुद्रित करा. हे काम इमारतीची वाट न बघता आजपासून करता येतं.

खाशाबा जाधवांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणी झाली. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी झालेली लांबलचक, दमवणारी लढत त्यांनी थोडक्यात गमावली. लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं करण्यात आलं. दोन लढतींच्या मधे मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही, आणि त्याबद्दल भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरी त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. पुढे ते पोलीस खात्यात गेले, १९८४ मध्ये अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्यांच्या गावी कुस्ती संकुल व्हायचं होतं ते होईना, म्हणून २०१७ मध्ये पदक लिलावात काढण्याची वेळ घरच्यांवर आली. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

या सगळ्यात पदक ही एक वस्तू आहे, आणि गोष्ट सांगायला ती एकटी पुरत नाही. गहाणखत, वर्गणीची पावती, हेलसिंकीच्या लढतींचं वेळापत्रक, निवृत्तिवेतनासाठीचे अर्ज, यांतलं जे मिळेल ते शोधून पदकाच्या गोष्टीशेजारी मांडलं पाहिजे. देशानं काय कमावलं आणि खेळाडूला कसं वागवलं, दोन्ही एकाच काचेमागे दिसू देत.

असा प्रामाणिकपणा संग्रहालयाला झेपेल का, ही खरी कसोटी आहे. पुण्या-मुंबईच्या क्रिकेटमधलं एक उदाहरण देतो. दलित समाजातले पाळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे भारतातले अव्वल गोलंदाज. पूना क्लबवर महिना चार रुपयांवर मैदानाची राखण करता करता ते साहेबांना नेट्समध्ये गोलंदाजी टाकू लागले. पुढे हिंदू संघात आले, तेव्हा मैदानात चेंडू त्यांच्या हातून घ्यायला कुणाला अडचण नव्हती, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा, बाकीच्यांना आत कपबशीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसानं शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही, ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. मला विचाराल तर मुंबई क्रिकेटच्या कुठल्याही दालनात एक साधं मातीचं भांडं ठेवलंच पाहिजे.

कुस्तीतही अशा अवघड जागा आहेत. अनेक जुन्या तालमींत बाईनं हौद्यात उतरायचं नाही अशी रीत होती. १९५० च्या दशकात हमीदा बानो पुरुष मल्लांना आव्हान देत देशभर फिरली, तेव्हा पुण्यातली तिची रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. आणि २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. या दोन घटनांच्या मधल्या सत्तर वर्षांत काय घडलं, कुठल्या बापानं पहिल्यांदा मुलीला लंगोटाऐवजी कुस्तीचा पोशाख आणून दिला, कुठल्या वस्तादानं दार उघडलं आणि कुणी बंद ठेवलं, हे विचारलं गेलं पाहिजे. त्याचबरोबर तालमींनी जे भलं केलं तेही दिसावं. कोल्हापुरात बाबूजमालसारख्या तालमीत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. दोन्ही एकाच वेळी आले तर दोघांनाही जागा होते. फुटबॉलची गोष्ट तर कोल्हापूरबाहेरच्यांना खरीच वाटत नाही: शाहू स्टेडियमवर भिडणाऱ्या संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत. पेठेची तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हता, ती त्या पेठेची संस्था होती. कुस्तीतून तिथं फुटबॉल आला, मिरवणूक आली, आणि पुरात धावून जाणारी पोरंही तिथूनच निघाली.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्याला फार जवळचं आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये आयर्लंडच्या देशी खेळांचं, काठीनं चेंडू मारायच्या हर्लिंगचं आणि गेलिक फुटबॉलचं, संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं. त्या खेळांची संघटना १८८४ ची, आणि आजही तिचे खेळाडू मानधनावर खेळत नाहीत. आपल्या परगण्यासाठी खेळतात आणि सोमवारी कामावर जातात. संग्रहालय मैदानाच्या पोटातच आहे. १९२० साली २१ नोव्हेंबरला, डब्लिन आणि टिपररी यांचा सामना चालू असताना, ब्रिटिश दलांनी याच मैदानावर गोळीबार केला आणि १४ माणसं मारली. त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगनही होता. तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. बघणारा माणूस दालनात ही हकिकत वाचतो आणि बाहेर येऊन तेच गवत बघतो. विजेत्यांना दिले जाणारे मूळ जुने चषक तिथं ठेवलेत, आणि पाहुण्याला स्वतः काठी हातात घेऊन चेंडू मारून बघण्याची सोयही आहे. आयर्लंडची लोकसंख्या पश्चिम महाराष्ट्रातल्या मोजक्या जिल्ह्यांएवढी. त्यांना हे जमतं, तर आपल्याला पैशाअभावी जमत नाही असं म्हणता येणार नाही.

पैशाचा आक्षेप मात्र ऐकून घेतला पाहिजे, कारण तो बहुतेक वेळा पैलवानांकडूनच येतो. भिंतींवर फोटो लावायला कोटी रुपये आणि पोरांच्या खुराकाला पैसे नाहीत, असं ते म्हणतात. त्यांचा राग रास्त आहे. तालमीत गळकं छप्पर असताना शेजारी चकचकीत दालन उभं राहिलं तर ते शोभणार नाही. म्हणून माझी सूचना अशी, की तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा शहरातल्या तालमींना मिळावा आणि तसं संस्थेच्या घटनेतच लिहिलेलं असावं. तालमीच्या पोरांना प्रवेश फुकट, आणि पाहुण्यांना माहिती सांगण्याचं काम त्याच पोरांना पगारी. गुडघा गेला, खांदा निखळला की पैलवानाची कुस्ती संपते, पण त्याला जे ठाऊक असतं ते संपत नाही. अशा माणसाला रोजगार देणारी दुसरी जागा आज कोल्हापुरात कुठं आहे? आणि इतिहास माहीत असल्यावर हक्कही मागता येतो. एका संस्थानिकाने शंभर वर्षांपूर्वी मल्लांच्या खुराकाला सरकारी तिजोरीतून पैसे दिले हे कागदावर दिसलं, की आजच्या सरकारकडे ‘तुम्ही का देत नाही’ हे विचारायला जोर येतो.

दुसरा आक्षेप तालमींकडून येईल. आमच्या वस्तादाचा फोटो, आमची गदा आम्ही का द्यायची? यालाही मी चूक म्हणणार नाही. सरकारी गोदामात गेलेली वस्तू पुन्हा दिसत नाही हा लोकांचा अनुभव आहे. मालकी तालमीचीच राहावी. वस्तू ठरावीक मुदतीसाठी, लेखी कराराने, विमा उतरवून घ्याव्यात. मूळ फोटो तालमीतच राहू देत, संग्रहालयाने त्याची उत्तम प्रत काढावी आणि तालमीलाही एक प्रत लाकडी चौकटीत घालून द्यावी. कार्यकारी मंडळात तालमींचे प्रतिनिधी बहुमतात असावेत, नेमलेले कार्यकर्ते नव्हेत.

आणि बघणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. आपण संग्रहालयात जातो ते दालनामागून दालन ओलांडत, फोटो काढत, तासाभरात बाहेर पडायला. कुस्तीच्या दालनात असं बघून चालणार नाही. पहाटे पाचला गंगावेश, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत वस्तादांची परवानगी काढून, चपला बाहेर काढून, एका कडेला अर्धा तास गप्प बसा आणि मग दालनात या. सहलीला मुलं आणणाऱ्या शिक्षकांनी तर हे करावंच. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघून मुलं दमतात, जोर मारणारं आपल्याच वयाचं पोर बघून दमत नाहीत.

सुरुवात करायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास आणि वृत्तपत्रविद्या विभागांतल्या विद्यार्थ्यांनी स्कॅनर घेऊन एकेक तालीम गाठावी. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोची प्रत, त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव, आणि ते नाव सांगणाऱ्याचा आवाज एवढं जमवावं. हौद्यात जोडीला कोण होतं, कुस्ती कुठल्या डावावर निघाली, इनाम किती होतं, हे विचारावं. येत्या जत्रांच्या हंगामात गावोगावची भित्तिपत्रकं, मैदानाच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून फाटायच्या आत, एकेक गोळा करावी. महापालिकेनं खासबागेलगत कोरडी, कुलुपाची एक खोली द्यावी आणि ती पूररेषेच्या वर असावी.